पाठीवरच्या तीन गाठी

त्या दुपारी मी माझ्याच स्वयंपाकघरात कैदेत होते. दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, पायात बेडी नाही, बाहेर पहारेकरी नाही. एक कोंबडी तेवढी उंबऱ्यावर बसून माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होती. मला अडकवलं होतं एका चोळीनं. तिच्या तिन्ही गाठी माझ्या पाठीवर होत्या, आणि देवानं माणसाला हात दिलेत ते पुढच्या बाजूला.

गावच्या जत्रेतल्या हौशी नाटकांत मी आजवर पुष्कळ राण्या केल्या आहेत. राणी म्हटली की दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिला कोणीतरी तुरुंगात टाकणारच. साखळ्या पुठ्ठ्याच्या, वर चंदेरी कागद, पण मी असा हंबरडा फोडते की पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात आणि मागच्या रांगेतले त्यांचे नवरे भजी खायचे थांबतात. खऱ्या कैदेत हंबरडा फोडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हंबरडा फोडला की लोक धावत येतात, आणि लोक धावत येऊन काय बघणार याचा आधी विचार करावा लागतो.

ही कैद माझ्या भाचीनं स्वतःच्या हातानं शिवली होती. भाची म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. पुण्याला कपड्यांचं डिझाइन शिकत होती, शेवटचं वर्ष. जुन्या काळी बायका काय नेसत, कसं नेसत ते बघायचं आणि त्यावरून आजच्या बाईला घालता येईल असं काहीतरी नवं करायचं, असं काम तिला दिलं होतं. तिनं केलेले दोन नमुने शिक्षकांनी आधीच नाकारले होते. भावाचा काजूचा कारखाना आहे. त्यानं फोनवर निकाल देऊन टाकला होता, की ही शेवटची खेप. या वेळी निवड झाली नाही तर पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळायचं, घरी यायचं आणि कारखान्याच्या ऑफिसात बसायचं. भाची काजूगराकडे कशी बघते ते मी पाहिलेलं आहे. जेवणातसुद्धा बाजूला काढते.

निवड मुंबईत परीक्षकांपुढे व्हायची होती, दुसऱ्या दिवशी सकाळी; तिथे कपडे नुसते पोचवायचे होते. आमच्या मिठबावच्या तिठ्यावरून संध्याकाळी मुंबईची बस जाते. तिचा ड्रायव्हर पार्सल नेतो, आंब्याची पेटी म्हणू नका, सुके बांगडे म्हणू नका, एकदा त्यानं जिवंत कोंबडा नेल्याचंही सांगतात. त्या बसनं ही चोळी जायची होती. न फाटता, न डागाळता, सुकून, इस्त्री होऊन.

आणि ती माझ्या अंगात होती.

भाची माझ्याकडे आली होती ती एका फोटोसाठी. माझ्या आईचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, आमच्याकडे पडवीत लावलेला. घट्ट काष्ट्याचं लुगडं, पोटऱ्या उघड्या, ओच्यात काहीतरी भरलेलं, आणि चोळीची गाठ पुढे, छातीखाली. फोटो काढणाऱ्यानं हाक मारली तेव्हा ती कामावरून तशीच येऊन उभी राहिली असावी, चेहऱ्यावर ‘बेगीन काढ काय तो’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. भाची त्या फोटोसमोर स्टूल टाकून बसायची आणि चित्रं काढायची. मधूनच मला हाक मारायची.

“आते, ओच्यात काय ठेवीत?”

“मिळात ता. काजू, पानाची पुडी, चावयो. एकदा कोंबडीची पिल्ला घेवन इली होती.”

“म्हणजे खिसो.”

“खिसो कसलो, पोतडी.”

हे ऐकून ती इतकी खूश झाली की उठून नाचली. काष्ट्यावरून तिनं सुती विजार शिवली, मोकळी, दोन्ही पाय वेगळे, आणि कमरेला ओच्यासारखी पोतडी. मी घालून बघितली आणि परत काढायला तयार होईना. वीस वर्षं पाचवारीत पाय बांधून चालल्यावर दोन पाय दोन दिशांना टाकता येणं ही काय चैन असते ते मी तिला दारापुढच्या खळ्यात चालून, बसून, नारळाच्या झापांवरून उडी मारून दाखवलं.

चोळीचं मात्र तिनं वेगळंच केलं. जुन्या चोळीला ना हूक असतो, ना बटण, ना चेन. पुढच्या दोन बाजूंची टोकंच लांब होतात आणि त्यांचीच गाठ मारायची. भाचीनं ते सगळं तसंच ठेवलं, जुना खण मिळवून शिवला, धातूचा एक ठिपका लावला नाही. फक्त गाठ उचलली आणि पाठीवर नेऊन ठेवली. एक नाही, एकाखाली एक अशा तीन. पुढून गळाबंद साधी चोळी, मागून पाठभर गाठींची रांग.

“पुढे काय वायट होती?” मी विचारलं.

“पुढे गाठ म्हणजे जुना वाटता, आते. मागे नेली की ड्रेस होता.”

“पण माझ्या पाठीक डोळे नायत गो.”

“लोकांका आसत.”

चोळी माझ्याच मापाची होती. कॉलेजातल्या मुली म्हणे शेवग्याच्या शेंगांसारख्या, त्यांना काहीही घातलं तरी चालतं, तिला अंग असलेली बाई हवी होती. माझ्या अंगाचं इतकं कौतुक गेल्या कित्येक वर्षांत कोणी केलं नव्हतं. मी पाठ तिच्या हवाली केली.

सकाळी आम्ही खाडीवर फोटो काढायला गेलो. ओहोटी होती. मी गुडघाभर पाण्यात चालायचं आणि ती पाठीचे फोटो घेणार. आता मला कोणी नुसतं चाल म्हणून सांगितलं की मला नुसतं चालता येत नाही. मी राज्य सोडून वनवासाला निघालेल्या राणीसारखी निघाले. मान वळवली, हात उंचावला, आणि कालवांच्या शिंपल्यांनी धारदार झालेल्या खडकावरून पाय सरकून गळ्यापर्यंत खाडीत बसले.

“थांब, उठा नको,” भाची काठावरून म्हणाली. तिला माझी काळजी वाटली असेल असं मला क्षणभर वाटलं. “अशीच रव. ओली पाठ लय भारी दिसता.”

घरी आलो. विजार काढून मी घरातली साडी गुंडाळली. भाचीला फोटो छापून आणायला देवगडला जायचं होतं. माझी स्कूटर तिनं काढली, एक पाय वर टाकला आणि सूचना सुरू केल्या.

“चोळी गोड्या पाण्यातसून काढ. पिळू नको. सावलीत घाल, उन्हात नको, रंग जातलो. सुकली काय आतल्या बाजून इस्त्री.”

“जा गो. मी काय पयल्यांदाच कपडे काढतंय?”

ती गेली. स्कूटरचा आवाज वळणावर संपला. मी पाण्याची बादली भरली, खिडकीचा पडदा ओढला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मला सगळं एकदम कळलं.

वरच्या गाठीपर्यंत हात वरून पोचत नव्हता, खालच्या गाठीपर्यंत खालून पोचत होता, आणि मधली गाठ तर दोन्ही हातांच्या हद्दीबाहेर होती. जी पोचत होती ती सुद्धा सुटेना. सुती कापडाची ओली गाठ म्हणजे काय चीज असते ते किनाऱ्यावरच्या कोणाला सांगायला नको. पाणी पिऊन फुगते, आणि फुगून स्वतःलाच आवळते. दोर ओला व्हायच्या आधी सोडायचा हे इथली शेंबडी पोरंही जाणतात, आणि आम्ही दोघी शहाण्यांनी तीन गाठी मारून खाडीत बुडी मारली होती.

पहिला विचार आला तो भाचीला फोन करायचा. केला. घंटी फळीवर, मसाल्याच्या डब्यापाशी वाजली. ती फोन चार्जिंगला लावून विसरून गेली होती. मी तो वाजणारा फोन आणि माझ्या कानाचा फोन असे दोन्ही धरून बराच वेळ उभी राहिले. माणसाची बुद्धी कधी कधी अशी थांबते.

नवरा खारेपाटणला लग्नाला गेला होता. नुसता नवरा नव्हे, आख्खी वाडी गाडी करून त्याच लग्नाला गेली होती. भाची आली म्हणून मीच मागे राहिले होते. एरवी आमच्या आळीत एका घरात फोडणी टाकली की तीन घरांतून बायका शिंकतात. त्या दिवशी शिंकायला सुद्धा कोणी नव्हतं.

मग प्रयोग झाले. पडवीच्या खांबाला पाठ घासून बघितली, म्हैस घासते तशी. खांबाला बरं वाटलं असेल, गाठीला काही नाही. कपाटाच्या आरशात बघत डाव उलटा धरून दांड्यानं गाठ उचकटायला गेले, तर आरशात उजवीकडे न्यायचा हात डावीकडे जायचा आणि दांडा बरगडीत. तेलाची बाटली समोर होती. कोकणात दार करकरलं, अंगठी अडकली, मूल रडलं, सगळ्याला खोबरेल. पण खणावर तेलाचा एक थेंब पडला असता तर तो मुंबईपर्यंत पसरत गेला असता. कात्री होती. पण गाठ म्हणजे चोळीचीच टोकं होती. गाठ कापली की चोळी गेली, आणि चोळी गेली की भाची गेली काजूच्या ऑफिसात.

तेवढ्यात खळ्यातून हाक आली. “वैनीनू, बांगडे बघा. तुमच्यापरास ताजे आसत.”

आमची मासेवाली. पाटी डोक्यावर, काष्टा घट्ट, आवाज तिठ्यापर्यंत. मला देवच भेटल्यासारखं झालं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन मी दारात आले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या पाठीमागे जाऊन गाठी न्याहाळल्या.

“ह्या कोणी बांधल्यान?”

“भाचीन.”

“तुमी तिचा काय वायट केलास?” असं म्हणून तिनं हात पुढे केला. मी त्या हाताकडे बघितलं. बोटांवर खवले चमकत होते आणि बांगड्याचा वास माझ्यापर्यंत तिच्या आधी पोचला होता.

मी दोन पावलं मागे झाले. “थांब गो. हात धुवन घे. साबण देतंय.”

तिनं साबणानं हात धुतले. मी हुंगले. मग राखेनं धुतले. मी परत हुंगले. लिंबू चोळलं. आता लिंबू लावलेल्या बांगड्याचा वास येत होता, आणि खरं सांगते, भूक लागली. उद्या सकाळी मुंबईत कोणी परीक्षक ही चोळी हातात घेऊन नाकाजवळ नेणार, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

“नको गो,” मी म्हटलं. “ही परीक्षेक जातली आसा.”

ती दुखावली. पाटी उचलताना म्हणाली, “माझ्या हातचे मासे तोंडात घालतास तेव्हा वास येणा नाय तो? बसा मगे बांधून घेवन. संध्याकाळी घोव इलो काय सोडीत.” आणि वळणावरून तिनं आणखी एक टोला हाणला, “बांगडे ठेवलंय पडवीत. गळ्याखाली उतरले तर खावा.”

ती गेल्यावर घर आणखी रिकामं झालं. खाडीचं पाणी सुकायला लागलं होतं. कापड आखडत होतं आणि मीठ टोचत होतं, काखेत, गळ्यापाशी, आणि गाठींच्या बरोबर खाली, जिथे खाजवता येत नाही. पुरा श्वास घेतला की चोळी तो अर्ध्यातच परत पाठवायची. बसावं तर पाठ टेकवता येत नव्हती, आडवं व्हावं तर गाठी रुतत होत्या. मी स्वयंपाकघरातून पडवीत आणि पडवीतून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते आणि कोंबडी मान फिरवून फिरवून माझ्यावर लक्ष ठेवत होती.

शेवटी मी शेजारच्या सरांना हाक मारली, लग्नाला न जाता वाडीत मागे राहिलेले तेवढे तेच. सर गणिताचे, निवृत्त झालेले, चर्चच्या समितीवर, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हापशाला गेली होती, नाहीतर मी तिलाच बोलावलं असतं. सरांशी आमचं कुंपणावरून मालवणीत रोज भांडण चालतं, त्यांच्या फणसाचं पान आमच्या विहिरीत का पडतं यावर. पण मी दाराआडून अडचण सांगितली आणि सर एकदम शुद्ध मराठी बोलू लागले. आमच्याकडे माणूस घाबरला किंवा तहसील कार्यालयात शिरला की असं होतं.

“वैनी, आपली हरकत नसेल तर मी प्रयत्न करू शकतो. फक्त आपण पाठ वळवावी. मी डोळे मिटून घेईन.”

“डोळे कित्याक मिटतास? गाठ सोडूची आसा, प्रार्थना नाय.”

“ते योग्य दिसेल.”

त्यांनी डोळे मिटले. मी पाठ वळवली. मग त्यांची बोटं हवेत चाचपडत, एकदा खांद्याला, एकदा खांबाला लागत, अखेर गाठीवर आली. पुढे काय झालं ते मला दिसत नव्हतं आणि त्यांनाही दिसत नव्हतं. ते ओढत होते, सैल करत होते, पुटपुटत होते, “हे टोक यातून गेलं, म्हणजे ते त्यातून यायला हवं.” माझा श्वास कोंडला, डोक्याला हिसका बसला.

“सर, केस ओढतासात.”

“क्षमस्व. एक सुटली असं वाटतं.”

सुटली नव्हती. माझ्या ओल्या वेणीचं टोक त्यांनी वरच्या गाठीत घालून घट्ट आवळून टाकलं होतं. डोळे उघडून त्यांनी आपलं काम बघितलं, तेव्हा त्यांचा चेहरा चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून बसल्यासारखा झाला. माझी मान वर, नजर आढ्याकडे, अशी मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी. रंगमंचावर ही पोझ मी अनेकदा स्वखुशीनं घेतलेली आहे. सर अंगावर क्रूस काढत, “मी कोणाला तरी पाठवतो,” असं म्हणत गेले. पाठवायला कोण होतं गावात? ते स्वतःच्या घरी जाऊन दार लावून बसले, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांचा फणस पान टाकायचा तरी मी बोलले नाही.

केस माझे होते, चोळी माझी नव्हती. मी कात्री घेऊन वेणीचं टोक कापलं. मान मोकळी झाली तेव्हा आपण केवढं काही मिळवलंय असं वाटलं. कैदेत माणूस किती लवकर थोडक्यावर समाधान मानायला लागतो.

आता ऊन पश्चिमेला कलायला लागलं होतं. मी ठरवलं, गाठी माझ्याकडे येत नसतील तर त्यांना आणायचं. नाटकात पडद्यामागे भराभर वेश बदलताना आम्ही बाह्यांतून हात आत ओढून घेतो आणि कपडा अंगावरच फिरवतो. तसं करून चोळी अर्धी फिरवली की पाठ पुढे येईल. डावा हात कोपरातून मुडपून आत घेतला. दंडाचं मांस बाहीशी भांडलं, पण गेला. मग उजवा. दोन्ही हात छातीवर घडी पडून आत आले आणि मी चोळी फिरवायला हिसका दिला. ती पाव फिरली आणि तिथे अडकली.

इथवर मी हसत होते. खरंच, मनातल्या मनात मी ही गोष्ट जत्रेत कशी सांगेन ते जुळवत होते. पण आता हात आत, कोपरं बरगड्यांना दाबलेली, गळा एका बाजूला ओढलेला, मोकळ्या बाह्या दोन्हीकडे लोंबत. हात परत बाहेर जाईनात. तोल गेला आणि मी तांदळाच्या पोत्यावर आडवी पडले. उठायला हात लागतात. हात नव्हते. श्वास छातीच्या वरच्या वर चालला होता. मी हाक मारली, आणि ती हाक भिंतीपर्यंत जाऊन पडली. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला अंधारात वाटते तशी. घर माझं, भांडी माझी, कपडा माझ्या मापाचा, आणि त्यात मी हलू शकत नव्हते. मी डोळे मिटून पडून राहिले आणि लहान लहान श्वास मोजूनमापून घेत राहिले.

स्कूटर वाजली. भाची आत आली, हातात फोटोंचं पाकीट. पोत्यावरचं ते बोचकं बघून ती तिथेच थांबली.

“आते, तुझे हात खंय गेले?”

“आत आसत. हसा नको. वड.”

ती हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं मला पोत्यावरून उठवून बसवलं, चोळी दोन्ही बाजूंनी धरली आणि मी श्वास सोडला की ती थोडी फिरवायची, मी घेतला की थांबायची. अशी करत करत पाठ पुढे आली. तिन्ही गाठी माझ्या डोळ्यांसमोर, हनुवटीखाली. भाचीनं नखं लावली, पण मी तिचे हात दूर केले. माझे हात आता बाह्यांतून बाहेर आले होते.

“पोती शिवूचा दाभण दी.”

दाभणाचं टोक गाठीत घालून हलवलं. आता काय कशातून गेलंय ते दिसत होतं. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरीला माझे कापलेले केस होते, ते उपटून काढले, तीही सुटली. दिवसभर मला आणि सरांना जे जमलं नव्हतं ते चहा उकळायच्या आत झालं. मी चोळी काढून तिच्या मांडीवर टाकली आणि अंगावर साडी ओढून पुरा, लांब, पोटापर्यंत जाणारा श्वास घेतला. तसा श्वास परत कधी गोड लागेल असं वाटत नाही.

भाची चोळीकडे बघत बसली होती. “गाठ पुढेच कित्याक मारीत, आते?”

“मागे कोण होता मारूक?” मी म्हटलं. “तुझो आजो मुंबैक गिरणीत. गणपतीक येय आणि शिमग्याक येय. गाठ पाठीर आसती तर माझ्या आवशीन वर्षातसून दोनदाच चोळी बदलली असती.”

आता ती हसली. बराच वेळ हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, “ही नाकारतले. त्यांनी कोणी घालून बघितली आणि हाच विचारल्यानी तर मी काय सांगू?”

घड्याळाकडे दोघींनी एकदमच बघितलं. बसला अजून वेळ होता, पण फार नव्हता. चोळी सबंध होती, डाग नव्हता, फाटली नव्हती. मी दिवसभर एवढ्याचसाठी सोसलं होतं. गोड्या पाण्यातून काढून, इस्त्री करून खोक्यात घातली असती तर काम झालं असतं. भाचीनं माझ्या शिलाई मशीनच्या खणातून ब्लेड काढलं आणि बाहीची शिवण उसवायला सुरुवात केली.

मी ओरडले. खरं म्हणजे ओरडायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

तिनं दोन्ही बाह्या उसवल्या, कुशीच्या शिवणी उसवल्या. आत दाबलेलं कापड होतं ते सोडून छातीला जागा केली, आणि पाठ होती ती पुढची बाजू करून सगळं परत लावायला घेतलं. मी एका बाजूनं टाके घालत होते, ती मशीन मारत होती. बोलायला वेळ नव्हता. मधूनच ती मान वर न करता विचारायची, “हय सैल ठेवू?” आणि मी सांगायची, “वायच. श्वास जाव देत.” कापड अजून दमट होतं, मशीनची सुई अडखळत होती. शेवटच्या बाहीला बखिया मारेपर्यंत तिठ्याच्या अलीकडून बसचा पहिला हॉर्न आला. तो ड्रायव्हर वळणाआधी एकदा वाजवतो आणि तिठ्यावर थांबून एकदा.

खोकं भरायला वेळ राहिला नव्हता, आणि दमट चोळी बंद केली असती तर सकाळपर्यंत कुबट झाली असती. भाचीनं टी-शर्टवरूनच ती अंगात चढवली. ती माझ्या निम्म्यानं आहे, पण टोकं लांब होती, तिनं ती आवळून घेतली. विजार पिशवीत कोंबली, फोटो पिशवीत कोंबले. मी स्कूटर चालवत होते आणि ती मागे बसून, धक्के खात, स्वतःच्या छातीवर एकेक गाठ मारत होती. तिसरी गाठ तिनं बसच्या पायरीवर मारली. पार्सलाच्या जागी स्वतःच चढली. ड्रायव्हर म्हणाला, “पार्सल खंय आसा?” ती म्हणाली, “ह्या काय, घातलंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. परीक्षकांपैकी एक बाई होत्या. त्यांनी चोळी हातात घेतली नाही की पुतळ्यावर चढवायला सांगितली नाही, म्हणाल्या, तूच काढून दाखव आणि परत घालून दाखव. हिनं टी-शर्टवर उभ्या उभ्या सोडली आणि बांधली. त्या म्हणाल्या, परत एकदा. मग त्यांनी स्वतः घालून बघितली, बाकीचे दोघे घड्याळ बघत होते तरी.

निवड झाली. भाची पुण्यातच आहे, एका मैत्रिणीबरोबर छोटंसं दुकान चालवते. भाऊ आता पाहुण्यांना सांगतो की कापडात जायचं हे त्यानंच सुचवलं होतं. मी मध्ये बोलत नाही, नाटकात दुसऱ्याचं वाक्य तोडू नये.

तिच्या चोळ्या आता बऱ्याच बायका घेतात. मध्यंतरी तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा दुकानात एका बाईंचा फोन आला, मी उचलला. वयानं माझ्याहून मोठ्या वाटल्या, एकट्या राहणाऱ्या. म्हणाल्या, माझे सगळे चांगले कपडे पाठीवर चेनचे, नाहीतर बंदाचे. मुलगी परदेशी गेल्यापासून कपाटात तसेच आहेत, समारंभ आला की काहीतरी कारण सांगून घरीच राहते. परवा तुमची चोळी घालून भाच्याच्या लग्नाला गेले. मी विचारलं, काही बदल हवाय का, सैल, घट्ट. नाही म्हणाल्या, बरोबर बसते. मग आणखी काही हवंय का. तेही नाही. जेवणाच्या पंक्तीत त्यांना कोणीतरी विचारलं होतं, कोणी बांधून दिली, आणि त्यांनी सांगितलं होतं, मीच. तेवढंच कळवायला फोन केला होता.